‘पोटात पाणी झालं होतं’

डॉक्टरांनी ताईला विचारलं, घरात आणखी कोणाला कॅन्सर होता का, आणि ताई म्हणाली नाही. मी शेजारच्या खुर्चीत फाइल मांडीवर घेऊन बसले होते, मीपण मान हलवली, नाही. अर्धं मिनिट पण लागलं नसेल. डॉक्टरांनी कागदावर टिक केली आणि पुढचं बोलायला लागले, ॲडमिट कधी व्हायचं, उपाशी पोटी कुठलं रक्त द्यायचं वगैरे. बाहेर बाकावर अजून तीस-चाळीस माणसं बसलेली होती, घाई त्यांनाही होती आणि आम्हालाही. पण ते ‘नाही’ दीड वर्ष झालं तरी माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते खरं नव्हतं आणि ते खरं नाही हे आम्हा दोघी बहिणींना ठाऊकच नव्हतं.

ताई तेव्हा ५४ वर्षांची. कुडाळकडच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. दिवाळीच्या तोंडावर अंघोळ करताना छातीतली गाठ हाताला लागली, तिने फराळ आटपेपर्यंत कोणाला सांगितलं नाही, हे तिचं नेहमीचंच. मग सोनोग्राफी, मॅमोग्राम, सुई घालून बायोप्सी. ब्रेस्ट कॅन्सर निघाला, हार्मोन पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनवर वाढणारा, हर-टू नावाच्या प्रोटीनसाठी निगेटिव्ह, काखेतल्या एका नोडमधे, म्हणजे लसिका ग्रंथीत, पोचलेला. आजार वारशाने आलाय का हे बघणाऱ्या जेनेटिक टेस्टचा विषय मीच काढला होता कारण ऑफिसमधल्या एकीच्या नणंदेची केलेली मला माहीत होती. तर उत्तर मिळालं की पेशंटचं वय पन्नाशीच्या वर आहे, ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोन आणि हर-टू सगळंच निगेटिव्ह) नाही, घरात कोणाला नाही, मग पंधरा-वीस हजार कशाला घालवताय. आम्हाला ते पटलं. पैसे वाचले म्हणून हायसं पण वाटलं, खरं सांगते.

ऑपरेशन झालं, चार किमो झाल्या, केस गेले, आणि फेब्रुवारीच्या शेवटी रेडिएशनसाठी आम्ही मुंबई गाठली. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं कॅन्सर हा शब्द तोंडातून काढत नाहीत, ‘टाटाला नेलंय’ म्हणतात आणि ऐकणारा समजून जातो. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं, म्हणजे आमच्या आजीच्या पिढीपासून कोकणातल्या गावागावात हेच वाक्य चालत आलंय. ताई कुठल्याही हॉस्पिटलात असती तरी गावाच्या हिशेबी ती टाटालाच होती.

तिथे रेडिएशनच्या विभागात एक रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, अठ्ठावीस-तीसची असेल. तिने परत हिस्ट्री घ्यायला सुरुवात केली आणि ताईने परत नाही म्हटलं. ती मुलगी थांबली नाही. तिने विचारलं, वडिलांना बहिणी किती? ताई म्हणाली तीन, मधली लहानपणीच गेली. आता किती आहेत? एकच, धाकटी. थोरली कशाने गेल्या? ताई म्हणाली, तिच्या पोटात पाणी झालं होतं. किती वर्षांच्या होत्या? असेल पंचेचाळीस-सेहेचाळीसची. दारू? छे छे. कावीळ, टीबी? नाही हो, असं काही ऐकलं नाही. त्या मुलीचा पेन हातातच राहिला आणि तिने ताईकडे नीट बघितलं. मग म्हणाली, ओव्हरीच्या कॅन्सरमधे पण पोटात पाणी होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलंय का?

नव्हतं सांगितलं. ‘पोटात पाणी झालं’ हे आमच्या घरात एक पूर्ण उत्तर होतं, त्याच्यापुढे प्रश्न नसायचा. आता पोटात पाणी लिव्हरनेही होतं, टीबीनेही होतं, तिनेही हे स्पष्ट केलं की एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण तिने आम्हाला जेनेटिक काउन्सेलरची, म्हणजे वारशाने येणाऱ्या आजारांबद्दल समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाची, अपॉइंटमेंट काढून दिली आणि म्हणाली, येताना तीन पिढ्यांची माहिती आणा, दोन्ही बाजूंची, आणि ‘कॅन्सर होता का’ असं विचारू नका, ‘कशाने गेली आणि किती वर्षांची होती’ असं विचारा. हे मी कुठेही, कोणालाही सांगायला तयार आहे. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

तीन पिढ्यांची माहिती म्हटल्यावर दादाला आधी वंशावळच आठवली. आमच्या मूळ घरात ती आहे, वेंगुर्ल्याजवळच्या गावात, देवघराच्या वरच्या फळीवर पत्र्याच्या नळकांड्यात. मागे जमिनीच्या वाटपाच्या वेळी काढली होती. दादाने फोटो काढून पाठवला. नऊ पिढ्या आहेत, मूळ पुरुषापासून, अक्षर मोडी वळणाचं, मग पुढे शाईच्या पेनाचं, शेवटी बॉलपेनचं. मी मोबाइलवर झूम करून करून बघत होते. आजोबा सापडले, बाबा सापडले, काका सापडले, दादा, चुलतभाऊ, त्यांचे मुलगे, शेवटचा तर २०१९ साली जन्मलेला. थोरली आत्या नाही. धाकटी, आमची बायआत्या, नाही. ताई नाही, मी नाही. आजी तरी कुठे आहे, आजोबांच्या नावाखाली एक बारीक ‘द्वि.’ आहे, म्हणजे द्वितीय संबंध, म्हणजे दुसरी बायको, तीच आमची आजी.

मी हा फोटो बघून तक्रार करायला बसलेले नाही, सगळ्यांच्या वंशावळी अशाच असतात, त्या जमिनीसाठी लिहिल्या जातात. पण काउन्सेलरने आम्हाला जो तक्ता काढून दाखवला त्यात पुरुष चौकोन आणि बायका गोल, गेलेल्यांवर तिरकी रेघ, आजार असेल तर आतून काळं भरायचं, आणि जी पेशंट आली आहे तिच्याकडे एक बाण. बायका तिथे पुरुषांइतक्याच लागतात. आणि आमच्याकडे नेमका तोच अर्धा तक्ता कोरा.

मग मी बायआत्याकडे गेले. मार्चचा दुसरा आठवडा होता. ती आरवलीच्या अलीकडे राहते, आता ८१ ची आहे, तिच्याकडे सुरंगीची दोन झाडं आहेत आणि त्या दिवसांत तिला दुसरं काही सुचत नाही. सुरंगीचं एक आहे, कळ्या उन्हं यायच्या आधी काढाव्या लागतात, एकदा उमलली की परागाने पिवळी होते आणि वळेसाराला, म्हणजे गजऱ्याला, उपयोगाची राहत नाही, त्यामुळे पहाटे झाडाखाली जुनी लुगडी पसरून फांद्या झाडायच्या आणि मग खळ्यात बसून दोऱ्यात ओवायच्या. मीपण सुई घेऊन बसले. आमच्या चार बोटांना तो पिवळा रंग लागलेला, सगळ्या अंगणात तो गोड जड वास, मधमाश्या डोक्यावर. मी विचारलं, बायआत्ये, आजी कशाने गेली गं?

ती ओवत राहिली. मग म्हणाली, “आवशीक छातीर गाठ होती. कोणाक सांगूक नाय तिणा. कापड बांधी आणि शेतात जाय.”

मी काहीच बोलले नाही.

“माका वास येय. मी लान होतंय, माका वाटला खय लागला आसतला. ती कापडां रात्रीची धुय, बावडेर. कोण नसताना.”

आमची आजी म्हणजे बाबांची आई. ती ‘म्हातारपणाने’ गेली असं मी लहानपणापासून ऐकत आलेय. बायआत्या म्हणाली, पन्नाशी पण गाठली नव्हती तिने.

थोरलीचं विचारल्यावर मात्र तिने सुई खाली ठेवली. थोरल्या आत्याचा नवरा आधीच गेला होता, चार वर्षं झाली होती. आणि तिचं पोट वाढायला लागलं. सावंतवाडीला नेऊन दोन-तीनदा पाणी काढलं, परत भरलं. “लोक कायबाय बोलाक लागले गो,” एवढंच ती म्हणाली, आणि मला कळायला दोन मिनिटं लागली की लोक काय बोलले असतील. विधवा बाई, पोट वाढतंय. ती बाई मरत होती आणि गाव तिचे महिने मोजत होतं. म्हणून घरात तो विषय बंद झाला, म्हणून ‘पोटात पाणी झालं होतं’ हे वाक्य आमच्यापर्यंत असं घट्ट गाठ मारून आलं, ते सोडवायचं नाही अशा बेताने. आम्हाला वाटायचं घरातली माणसं अडाणी होती म्हणून कारण माहीत नाही. तसं नव्हतं. ती माणसं आत्याची अब्रू राखत होती.

मी त्या संध्याकाळच्या गाडीने निघाले नाही, राहिले. रात्री बायआत्या झोपल्यावर मी मोबाइलच्या उजेडात काउन्सेलरला मेसेज टाइप केला, आजी, छातीत गाठ, उघडी जखम, पन्नाशीच्या आत. आत्या, पोटात पाणी, ४६. दोघी वडिलांच्या बाजूच्या. पाठवताना हात थरथरत होता.

इथे थोडं कोरडं लिहायला लागणार आहे, पण ज्यांच्या घरात आत्ता हा प्रश्न आहे त्यांना ते लागेल. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्यांपैकी बहुतेकींचा आजार वारशाने आलेला नसतो, शंभरातल्या पाच ते दहा जणींचाच असतो. त्या पाच-दहा कोण हे ओळखायला निकष आहेत आणि ते अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गाइडलाइनवरून बऱ्याच ठिकाणी वापरले जातात. आजार पन्नासाव्या वर्षी किंवा त्याआधी झाला, ट्रिपल निगेटिव्ह आहे (मग वय कितीही असो), पुरुषाला झाला, जवळच्या नात्यात ओव्हरीचा किंवा पँक्रियाचा (स्वादुपिंडाचा) कॅन्सर आहे, किंवा एकाच बाजूला ब्रेस्टचे दोन-तीन पेशंट आहेत, असं काही असेल तर टेस्ट करा म्हणतात. ज्यू समाजातल्या एका गटासाठी वेगळा निकष आहे कारण त्यांच्यात हा आजार वारशाने देणारा जीनमधला दोष चाळिसात एकाला सापडतो. आजार पसरलेला असेल तर कुठलं औषध चालेल हे ठरवायलाही करतात.

निकष वाईट नाहीत. पण त्यातले निम्मे निकष घरची माहिती असण्यावर उभे आहेत. आजी कशाने गेली हे ज्या घरात लिहून ठेवलंय, जिथे डेथ सर्टिफिकेटवर कारण असतं, त्या घरासाठी ते बनलेत. आमच्यासारख्या घरात ‘फॅमिली हिस्ट्री निगेटिव्ह’ लिहिताना खरं तर ‘फॅमिली हिस्ट्री माहीत नाही’ असं लिहायला हवं, या दोन गोष्टींत फार मोठं अंतर आहे आणि फॉर्मवर दोन्हीसाठी एकच रकाना असतो.

आणि दुसरं, हा दोष बापाकडून पण येतो. हे ऐकून आमच्याकडे शिकलेली माणसंसुद्धा दचकतात. मेरी-क्लेअर किंग म्हणून शास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी १९९० मधे दाखवलं की ब्रेस्ट कॅन्सर वारशाने देणारा एक जीन १७ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, तोपर्यंत अशी एकाच जीनमुळे पिढीजात आजार होण्याची गोष्ट फारसं कोणी मानत नव्हतं. १९९४ ला तो जीन हाती लागला, ब्रॅका-१, आणि पुढच्या वर्षी १३ नंबरच्या क्रोमोसोमवरचा ब्रॅका-२. याच बाई पुढे इस्रायलमधल्या एका कामात होत्या, तिथे त्यांनी पेशंट बायका शोधल्याच नाहीत, आठ हजारांवर निरोगी पुरुष तपासले आणि ज्यांच्यात दोष सापडला त्यांच्या घरच्या बायकांकडे गेले. तर त्यातली निम्मी घरं अशी निघाली की कॅन्सरची हिस्ट्री बघून कोणी त्यांना कधी टेस्टला पाठवलंच नसतं. कुटुंबं लहान, मुली कमी, दोष बापातून मुलात गुपचूप उतरत आलेला. २०१४ मधे त्यांनी सरळ म्हटलं की तिशीच्या आसपास प्रत्येक बाईला ही टेस्ट मिळायला हवी. हे वाचलं तेव्हा मला आमचे बाबा आठवले. बाबा ६२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, कॅन्सरचा प्रश्नच आला नाही. चार-चार भावांच्या घराण्यात आजी आणि आत्या सोडून बायका होत्या कुठे दिसायला.

गाइडलाइनपण सरकत चालल्यात. २०१९ ला अमेरिकेतल्या ब्रेस्ट सर्जन्सच्या संघटनेने म्हटलं की ब्रेस्ट कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटला टेस्ट विचारा. २०२४ ला तिथल्या कॅन्सर डॉक्टरांच्या मोठ्या संघटनांनी ६५ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक नवीन पेशंटला ब्रॅका टेस्ट द्यावी असं सांगितलं, त्याच्यावरच्यांना निकष बघून. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी होतो, म्हणजे ६५ ची रेघ इथे आणली तर जवळजवळ सगळ्याच बायका आत येतात. ताई तर येतेच येते.

सगळ्यांची करा म्हणणं सोपं आहे, त्यात एक मोठी अडचण आहे आणि ती मी जवळून बघितलीय. रिपोर्टमधे कधीकधी ‘दोष आहे’ पण नसतं आणि ‘नाही’ पण नसतं, व्हीयूएस म्हणून येतं, म्हणजे जीनमधे बदल दिसतोय पण तो वाईट आहे की नुसता वेगळा आहे हे अजून कळलेलं नाही. आपल्याकडचा डेटा कमी म्हणून आपल्या लोकांत हे जास्त येतं. ऑफिसमधल्या त्या बाईच्या नणंदेचं हेच झालं, तिला हातात कागद दिला, समजावलं कोणी नाही, आणि तिने त्या एका शब्दावर ओव्हरीज काढून टाकायची तयारी केली होती, चाळिशीच्या आत. व्हीयूएसवर असा निर्णय घ्यायचा नसतो. पुढे जेव्हा त्याची वर्गवारी बदलते तेव्हा बहुतेक वेळा तो निरुपद्रवी ठरतो. तिला वेळेवर कोणीतरी थांबवलं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की टेस्ट पासष्टीच्या आतल्या प्रत्येक पेशंटला विचारावी, आणि त्यापुढच्या वयात जिच्या घरची माहिती नाही तिलाही विचारावी, पण नुसता जांभळ्या बुचाच्या बाटलीत रक्त घेऊन नाही. आधी अर्धा तास बोलावं, नंतर अर्धा तास बोलावं. आपल्याकडे काउन्सेलर हाताच्या बोटावर मोजण्याइतके, आमच्या भागात तर मला एकही सापडला नाही, त्यासाठी मुंबई नाहीतर गोवा गाठायचं. व्हिडिओ कॉलवर मात्र चांगलं होतं, आमचं दुसरं बोलणं तसंच झालं, नेटवर्कसाठी ताई शाळेच्या गच्चीवर गेली होती.

आणि टेस्ट आधी आजारी माणसाची करायची, हेही लिहून ठेवते, कारण ताईचं कळल्यावर घरातल्या दोन वहिन्या आणि मी, आम्हीच धावत टेस्ट करायला निघालो होतो. वहिन्यांचा तर त्यात संबंधच नव्हता, त्या वेगळ्या रक्ताच्या. आणि माझी एकटीची निगेटिव्ह आली असती तरी त्याचा अर्थ लागला नसता, ताईत काय आहे हे माहीत नसताना माझ्यात नेमकं काय शोधायचं? पेशंटमधे दोष सापडला की मग बाकीच्यांमधे तेवढी एकच जागा बघायची असते, ते स्वस्तातही पडतं.

ताईचा रिपोर्ट एप्रिल संपता संपता आला. ब्रॅका-२, दोष आहे, खात्रीचा.

ताईने फोनवर विचारलं म्हणजे नेमकं काय गं, आणि मी तिला जे सांगितलं ते इथे तसंच लिहिते कारण तिला ते समजलं. आपल्या घराची कौलं दर वर्षी मे महिन्यात परतायला लागतात की नाही, माकडं नाचतात, वारा उचलतो, फुटलेलं कौल बदललं नाही तर पावसात गळणारच. शरीरातपण रोज काही ना काही फुटत असतं, आणि ब्रॅका हा कौलं परतणारा गडी. असे दोन गडी प्रत्येक पेशीत असतात, एक आईकडून आलेला, एक बाबांकडून. तुझ्याकडे बाबांकडून आलेला गडी जन्मापासून अधू. दुसरा एकटा शिडी चढतोय इतकी वर्षं. एखाद्या पेशीत तोपण आडवा झाला की तिथे गळती. ताई थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, म्हणजे ५४ वर्षं एकट्याने घर राखलं की गं त्याने.

नंतरचं भराभर सांगते. ब्रॅका-२ असला तर ऐंशीव्या वर्षापर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ६९ टक्के आणि ओव्हरीचा १७ टक्के, ब्रॅका-१ ला ७२ आणि ४४, २०१७ साली सुमारे १० हजार बायकांच्या मोठ्या अभ्यासातून आलेले हे आकडे आहेत. ओव्हरीच्या कॅन्सरला लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही, म्हणून ताईने दोन्ही ओव्हरीज आणि ट्यूबा काढून घेतल्या, दुर्बिणीतून, तिसऱ्या दिवशी घरी. दोन्ही ब्रेस्ट काढायचे का यावर ती महिनाभर विचार करत होती आणि तिने नको म्हटलं, वर्षाला एमआरआय आणि मॅमोग्राम करते. तिच्या जागी दुसरी कोणी काढून घेईल आणि तेही बरोबरच असेल. ओलापरिब म्हणून गोळी आहे, ब्रॅका असलेल्या आणि परत उलटण्याचा धोका जास्त असलेल्यांना वर्षभर देतात, २०२१ च्या एका मोठ्या ट्रायलमधे त्याचा चांगला फायदा दिसला. ताईच्या एकाच नोडमधे होता, हार्मोनवाल्यांत चार तरी नोड लागतात, त्यामुळे तिला ती लागू झाली नाही. पण हे ऑपरेशनच्या आधी माहीत असतं तर ताईला ब्रेस्टचा निर्णय एकदाच, शांतपणे घेता आला असता, ही रुखरुख मला राहिली आहे.

माझी टेस्ट निगेटिव्ह आली. ताईला सांगायला मला दोन दिवस लागले. तिने ऐकलं आणि फोनवरच रडली, आनंदाने, आणि मी तिच्यापेक्षा जास्त रडले.

गणपतीला सगळे गावी जमतात म्हणून तेव्हा सांगायचं ठरलं. डोंबिवली, दिवा, विरार, एक बडोद्याहून. गौरीच्या जेवणाच्या दिवशी दुपारी पंगती उठल्यावर पुरुष पडवीत पान लावत बसले होते, तिथे मी रिपोर्टच्या झेरॉक्स घेऊन गेले, पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. एक चुलतभाऊ म्हणाला, हे बायकांचं ना, आत सांग. मी म्हटलं, हे तुझ्याही बापाच्या आईकडून आलेलं आहे. तुझ्यात असेल तर प्रोस्टेटचा धोका वाढतो, पँक्रियाचा वाढतो, पुरुषाला ब्रेस्टचा पण होतो, आणि तुझ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला अर्धी शक्यता, नाण्यासारखी. पडवी गप्प झाली. आत फुगडीचा आवाज येत होता.

मग त्याने जे विचारलं ते मला अजून टोचतं, कारण त्याच्यावर रागवता येत नाही. म्हणाला, पोरीला स्थळं बघतोय गं. हे बाहेर गेलं तर? माझ्याकडे याचं चांगलं उत्तर नव्हतं, आजही नाही. मी एवढंच म्हटलं की थोरल्या आत्याचंही बाहेर जाऊ नये म्हणूनच सगळ्यांनी तोंडं बंद ठेवली. तो उठून माडाकडे गेला, झेरॉक्स तिथेच राहिली.

रात्री भजन चालू असताना त्याची मुलगी मागच्या दारी आली. २६ वर्षांची, पुण्यात नोकरी. मी मोदकाची पातेली घासत होते. ती म्हणाली, आत्या, त्या रिपोर्टमधलं ते व्हेरियंटचं नाव मला व्हॉट्सॲप कर ना. मी म्हटलं, बाबांशी बोललीस? ती म्हणाली, बोलेन, पण रक्त माझं आहे. तिला सांगितलं की आधी तुझ्या बाबांची केली तर बरं, त्यांच्यात नसेल तर तुझी करायची गरजच नाही. आणि असेल तर पंचविशीपासून एमआरआय सुरू करतात, म्हणजे तू वेळेत आहेस, घाबरायचं काही नाही. ती पातेली विसळायला बसली माझ्याबरोबर. दिवाळीत कळलं की भावाने पुण्याला जाऊन रक्त दिलं, मुलीनेच नेलं. काय आलं ते त्यांचं त्यांच्याकडे.

बायआत्याचं राहिलंच होतं. काउन्सेलरने विचारलं होतं की आत्या तयार असतील तर त्यांची करा, दोष वडिलांच्या बाजूने आला का याची खात्री होईल, आणि त्यांच्या मुलींनाही कळेल. मला वाटलं ८१ व्या वर्षी कशाला तिला सुई. ताई म्हणाली, तू तिच्या वतीने नाही म्हणू नकोस, आपण एकदा घाईत नाही म्हटलंय. म्हणून विचारलं. बायआत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “घेऊचा तर घेवा रगत. माझ्या चेडवांच्या कामाक येतला मा?”

शिरोड्याहून लॅबचा मुलगा आला. तिने ओसरीवर पाट मांडून घेतला, नवीन लुगडं नेसली होती. शीर सापडत नव्हती, दोनदा टोचलं. तिने हूं की चूं केलं नाही, त्या मुलालाच म्हणाली, दमान घे रे बाबा.

तिच्यात तो दोष आहे. ८१ वर्षांची बाई, कॅन्सर कधी झाला नाही. ६९ टक्के म्हणजे शंभर नव्हेत, उरलेल्या ३१ मधे माझी आत्या आहे, सुरंगीच्या झाडाखाली लुगडी पसरत. तिच्या दोन्ही मुली आता गोव्यात पणजीला टेस्ट करून घेतायत.

या वेळी गेले तेव्हा काउन्सेलरचा तक्ता प्रिंट काढून नेला होता. तिला वाचता येतं पण चष्म्याने पण बारीक दिसत नाही म्हणून मोठ्या कागदावर काढला. तिने विचारलं, हेच्यात मी खय? मी तिचं बोट धरून गोलावर ठेवलं, आतून उभी रेघ, म्हणजे दोष आहे पण आजार नाही. मग तिने बोट बाजूला सरकवलं. तिथला गोल आतून काळा, वरून तिरकी रेघ, खाली लिहिलेलं ‘आत्या, मृत्यू ४६’. ही थोरली? मी हो म्हटलं.

“नाव घाल तिचा,” बायआत्या म्हणाली. “सासरचा वेगळा होता, म्हायत आसा मा तुका? आम्ही हाक मारूक ती माहेरच्या नावान. दोनय घाल.”

मला थोरल्या आत्याचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. बायआत्याने सांगितलं, मी पेन काढला आणि दोन्ही लिहिली, एकाखाली एक. मग तिने आजीचं सांगितलं.